वॅक्स प्रिंट कसे धुवावे: रंग कुठे बसला आहे, त्यावर सारे ठरते

घानाची राजधानी अक्रा येथील माकोला बाजारात कापड घ्यायला आलेली अनुभवी बाई लगेच भाव विचारत नाही. ती आधी घडीचे एक टोक उलटते आणि मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच गडद आहे का, हे पाहते. मग किनारीवर छापलेली अक्षरे वाचते, कापड मुठीत चुरगळून सोडते आणि त्यानंतरच बोलणी सुरू होतात. ज्याला आपण ‘वॅक्स प्रिंट’ किंवा ‘आफ्रिकन प्रिंट’ म्हणतो ते हे कापड. नायजेरियात त्याला अंकारा म्हणतात, फ्रेंच बोलणाऱ्या पश्चिम आफ्रिकेत पाग्न, तर पूर्व आफ्रिकेत त्याच्या जवळच्या प्रकाराला किटेंगे. पूर्ण ठाण बारा वारांचे असते आणि अर्धे सहा वारांचे. सहा वार म्हणजे आपल्या सहावारी साडीचीच लांबी, त्यामुळे मराठी घरात या कापडाचा अंदाज चटकन येतो.

अडचण सुरू होते ती घरी आल्यावर. कडक आणि चकचकीत असलेले हे कापड पहिल्यांदा पाण्यात घातले की पाणी निळसर होते, तकाकी जाते, कापड मऊ पडते आणि घेणाऱ्याला आपण फसवले गेल्यासारखे वाटते. मग सल्ले येतात. कोणी मिठाच्या पाण्यात भिजवायला सांगतो, कोणी व्हिनेगर घालायला, तर कोणी म्हणतो की हे कापड कधी धुवूच नये. हे सल्ले एकमेकांच्या विरुद्ध जातात, कारण हे कापड तयार कसे होते आणि त्याचा रंग धाग्यात नेमका कुठे बसलेला असतो, याचा विचार त्यांत नसतो. तेवढे समजले, तर धुण्याचे बहुतेक नियम पाठ करावे लागत नाहीत, ते आपोआप सुचतात.

नावात मेण, कापडात नाही

‘वॅक्स’ या नावामुळे अनेकांना वाटते की या कापडावर मेणाचा थर आहे, तकाकी त्याच थराची आहे आणि धुतल्यावर तोच निघून जातो. हा समज चुकीचा आहे. येथे मेण हे रंग अडवण्याचे साधन असते. डब्यातल्या तेलाचा डाग पडलेल्या वहीच्या पानावर तेवढ्या जागी शाई उमटत नाही, हे शाळेत गेलेल्या प्रत्येकाने पाहिलेले असते. बाटिक या मेणाने नक्षी करण्याच्या कलेचे तत्त्व तेच आहे. जिथे मेण लावले तिथे रंग जात नाही, आणि नंतर मेण काढून टाकले की नक्षी उघडी पडते.

जावा बेटावरची ही हातकला एकोणिसाव्या शतकात डच कारखान्यांनी यंत्रावर आणली. नेदरलँड्समधील हेल्मंड येथे १८४६ मध्ये सुरू झालेला आणि पुढे व्लिस्को या नावाने ओळखला जाऊ लागलेला कारखाना आजही हे कापड बनवतो. यंत्राच्या कामात मेणाऐवजी राळ वापरतात. कोरीव रुळांनी गरम राळ कापडाच्या दोन्ही बाजूंवर एकाच वेळी छापली जाते. राळ थंड झाली की कापड पिळले जाते, त्यामुळे राळेला तडे जातात, आणि मग कापड निळीच्या हौदातून फिरवले जाते. तड्यांमधून झिरपलेली नीळ बारीक शिरांसारख्या रेषा उमटवते. त्यानंतर राळ उतरवतात, पण काही ठिपक्यांपुरती ती मुद्दाम राहू दिली जाते, म्हणून पुढचा रंग चढताना तिथे बुडबुड्यांसारखे फिके ठिपके राहतात. शेवटी उरलेली राळ काढून कापड धुतले जाते, त्याला खळ दिली जाते आणि ते जड रुळांमधून दाबून गुळगुळीत केले जाते.

या प्रक्रियेतून धुण्यासाठी कामाच्या दोन गोष्टी कळतात. पहिली गोष्ट तकाकीची. दुकानात दिसणारा कडकपणा आणि चकाकी ही खळीची आणि रुळांच्या दाबाची देणगी आहे. इस्त्री करून आणलेल्या खळीच्या साडीची कडक घडी पहिल्या धुण्यानंतर जशी मोडते, तसेच येथे होते, आणि त्यात कापडाचा काहीही दोष नाही. दुसरी गोष्ट शिरा आणि ठिपक्यांची. नवखा माणूस त्यांना डाग समजतो आणि साबण लावून घासू लागतो. त्या खुणा कापडाचा स्वभाव आहेत आणि दोन वार कापडांत त्या कधीही तंतोतंत सारख्या नसतात. जाणकार त्यांच्यावरूनच कापडाची परीक्षा करतात, म्हणून त्या पुसण्याच्या नादात धागा झिजवू नये.

रंग पक्का आहे, पण कशापुढे पक्का?

सुती कापडावर रंग मुख्यतः तीन प्रकारे टिकतो, आणि या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे.

पहिला प्रकार अडकलेल्या रंगाचा. नीळ मुळात पाण्यात विरघळत नाही. रंगाऱ्याच्या हौदात तिचे रूप तात्पुरते बदलून तिला विरघळवले जाते, त्या अवस्थेत ती धाग्याच्या आत शिरते, आणि कापड हवेत आले की हवेतल्या प्राणवायूने ती पुन्हा न विरघळणारी होऊन आतच अडकते. अरुंद तोंडाच्या बाटलीत कोरडे हरभरे टाकावेत आणि ते आत भिजून फुगल्यावर बाहेर येऊ नयेत, तसे हे आहे. आत गेलेला रंग पाण्याने बाहेर येत नाही. मात्र काही कण बाटलीच्या गळ्यालाच चिकटून राहतात, म्हणजे धाग्याच्या पृष्ठभागावर, आणि ते घासले की निघतात. नवी जीन्स घातल्यावर फिक्या रंगाच्या आसनावर निळी झाक उमटते, ती याच कणांची.

दुसरा प्रकार बांधलेल्या रंगाचा. काही आधुनिक रंग सुताच्या रेणूशी रासायनिक बंध करतात. हा बंध म्हणजे शर्टावर टाका घालून लावलेले बटण समजा. तो धुण्याने सहसा सुटत नाही. परंतु रंगवताना रंगाचा काही भाग बंध न होताच कापडात राहून जातो, खिशात ठेवलेल्या सुट्या बटणांसारखा. कारखान्याने कापड शेवटी नीट धुतले नसेल, तर हीच सुटी बटणे आपल्या बादलीत येतात.

तिसरा प्रकार चिकटवलेल्या रंगाचा. येथे रंगाची पूड एखाद्या बांधणीच्या द्रव्याने कापडावर बसवलेली असते, भिंतीवरच्या रंगासारखी. तो पाण्यात उतरत नाही, पण घासण्याने आणि वयाने झिजतो आणि घडीच्या रेषांवर आधी फिका पडतो. सोनेरी किंवा चमचमती नक्षी असलेल्या नव्या वॅक्स कापडांत ती चमक बहुधा अशीच बसवलेली असते.

खऱ्या वॅक्स प्रिंटचा मूळ निळा रंग पहिल्या प्रकारात मोडतो. त्यावर चढवलेले पिवळे, लाल आणि तपकिरी रंग कापडागणिक वेगळे असतात. काही निळीप्रमाणे धाग्यातच तयार होऊन तिथे अडकतात, काही बांधलेल्या प्रकारचे असतात.

यावरून ‘पक्का रंग’ हा शब्द किती अपुरा आहे, हे लक्षात येईल. प्रयोगशाळेत रंगाचा पक्केपणा एका कसोटीवर मोजत नाहीत. धुण्यासाठी, कोरड्या घासण्यासाठी, ओल्या घासण्यासाठी, घामासाठी आणि उजेडासाठी वेगवेगळ्या चाचण्या असतात. बहुतेक चाचण्यांत १ ते ५ गुण देतात आणि उजेडासाठी १ ते ८. एकाच कापडाला धुण्यात उत्तम आणि ओल्या घासण्यात सुमार गुण मिळू शकतात, आणि निळीच्या गडद कापडाच्या बाबतीत तसे होणे हेच नेहमीचे आहे. म्हणून दुकानदाराने रंग पक्का असल्याचे सांगितले आणि तरी बोटांना निळे लागले, तर दुकानदार खोटे बोलला असेलच असे नाही. त्याने एका कसोटीचे उत्तर दिले आणि आपण दुसरी कसोटी लावली.

रंग जितका गडद तितके धाग्यावरचे सुटे कणही जास्त. घानात शोकप्रसंगी काळे आणि गडद लाल कापड नेसतात, तर बाळाच्या नामकरणाला किंवा कृतज्ञतेच्या प्रार्थनेला पांढऱ्यावर काळी नक्षी असलेले. गडद कापडातून रंग अधिक सुटतो, आणि काळ्या-पांढऱ्या कापडातून थोडासा सुटला तरी पांढऱ्या भागावर तो लगेच दिसतो. त्यामुळे या दोन्हींची पहिली धुणी सर्वांत सांभाळून करावी.

हातातले कापड कोणते, हे आधी ओळखा

वॅक्ससारखे दिसणारे सगळेच कापड वॅक्स नसते. एका बाजूने साधी छपाई केलेल्या स्वस्त कापडाला या व्यापारात ‘फॅन्सी’ म्हणतात. त्याची मागची बाजू ठळकपणे फिकी असते, आणि त्यात तड्यांच्या शिरा असल्या तरी त्या नक्षीचाच भाग म्हणून छापलेल्या असल्यामुळे ठरावीक अंतराने हुबेहूब पुन्हा येतात. शिरा पुन्हा येतात का, हे पाहणे ही मला सर्वांत भरवशाची घरगुती परीक्षा वाटते, कारण दोन्ही बाजूंनी छापलेली नक्कलही आता मिळते आणि किनारीवरची अक्षरे तर कोणीही छापू शकतो.

कापड सुती आहे की नाही, याची शंका असेल तर किनारीचा एक धागा काढून चिमट्यात धरून जाळावा. सूत कागदासारखे जळते आणि राख होते. कृत्रिम धागा वितळून त्याचा टणक मणी बनतो. पॉलिएस्टरच्या कापडातून रंग सहसा उतरत नाही आणि ते आटतही नाही, मात्र गरम इस्त्रीने ते चकाकते किंवा वितळते. त्यामुळे पुढचे बहुतेक विवेचन त्याला लागू नाही.

घानातल्या छोट्या कार्यशाळांमध्ये स्पंजाच्या ठशांनी हाताने केलेले बाटिक आणि नायजेरियातील अबेओकुटा येथील आदिरे ही वेगळी कुळे आहेत. आदिरेच्या एका प्रकारात रंग अडवण्यासाठी कसावा या कंदाच्या पिठाची पेज वापरतात आणि कापड निळीत बुडवून रंगवतात. हाताने केलेल्या अशा कापडातून कारखान्याच्या कापडापेक्षा अधिक रंग सुटणे स्वाभाविक मानावे आणि ते पहिल्या अनेक धुण्यांत एकटेच धुवावे.

पहिले धुणे शिवण्याच्या आधी

विणताना, रंगवताना आणि रुळांमधून जाताना कापड सतत ताणलेले असते. ते पहिल्यांदा मोकळेपणाने भिजते, तेव्हा ताण सैल होतो आणि कापड आखडते. सहा वार म्हणजे सुमारे ५.५ मीटर. त्यात तीन टक्के आटण धरली तरी जवळजवळ १६ सेंटीमीटर कापड कमी होते. घानातल्या बायकांचा प्रसंगाचा पोशाख म्हणजे काबा आणि स्लिट. काबा म्हणजे बेतशीर बसणारी चोळी आणि स्लिट म्हणजे घोट्यापर्यंतचा घट्ट घागरा. अंगाबरोबर शिवलेल्या अशा कपड्यात कंबरेला दोन सेंटीमीटर कमी होणे म्हणजे कपडा बाद होणे. शिवाय आतले अस्तर आणि कडक पट्टी वेगळ्या कापडाची असते. वरचे कापड आटले आणि आतले आटले नाही, की शिवणीवर सुरकुत्या येतात आणि त्या इस्त्रीने जात नाहीत. म्हणून अस्तरही आधी धुवून घ्यावे.

येथे शिंप्याचा आक्षेप येतो. धुतलेले कापड मऊ पडते, कात्रीखाली सरकते आणि शिवल्यावर ‘नवे’ दिसत नाही, म्हणून कोरेच द्या, असे तो सांगतो. त्याची अडचण खरी आहे. तिचा उपाय म्हणजे धुतलेल्या कापडाला पातळ खळ द्यावी, ते ओलसर असतानाच उलट्या बाजूने इस्त्री करावी आणि मग कात्रीखाली द्यावे. कडकपणा पुरेसा परत येतो, जुनी चकाकी मात्र येत नाही. ती चकाकी हवीच असेल, तर एखाद्या समारंभापुरता कोरा कपडा शिवून घ्यावा, पण कंबर आणि बाही यांत थोडी सूट ठेवावी आणि कपडा धुतल्यानंतर बदलेल, हे गृहीत धरावे.

पहिल्या धुण्याची पद्धत अशी. कापड पूर्ण उलगडावे. बादली अपुरी पडते, त्यामुळे मोठे घमेले किंवा टब घ्यावा, म्हणजे कापड पाण्यात मोकळे फिरू शकेल. पाणी साध्या नळाचे असावे, गरम नको. सौम्य द्रव साबण थोडासा आधी पाण्यात मिसळावा आणि मगच कापड घालावे. पाच-सात मिनिटे ते हाताने वरखाली हलवावे, चोळू नये. पाणी रंगले की ते टाकून नवे घ्यावे आणि पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत खळबळावे. पिळा देऊन पिळू नये. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबावे आणि लगेच वाळत घालावे.

या सगळ्यात सर्वांत मोठी चूक म्हणजे रंग जातो आहे असे दिसल्यावर कापड थोड्या पाण्यात रात्रभर भिजत ठेवणे. सुटलेला रंग पाण्यातून पळून जात नाही. पाणी कमी आणि वेळ जास्त असेल, तर तो कापडाच्या फिक्या भागांवर परत बसतो, आणि पांढऱ्या ठिपक्यांवरची निळसर झाक नंतर जात नाही. रंग सुटतो तेव्हा पाणी अधिक आणि वेळ कमी ठेवावा. ओल्या कापडाची घडी करून ते तासभर बाजूला ठेवणेही तितकेच घातक, कारण एका भागाचा रंग दाबाखाली दुसऱ्यावर उमटतो.

मग मीठ, व्हिनेगर आणि तुरटीचे काय?

आपल्याकडे नवी रंगीत साडी मिठाच्या पाण्यातून काढण्याची रीत जुनी आहे, आणि पश्चिम आफ्रिकेतल्या घरांतही हाच सल्ला ऐकू येतो. ज्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या पाळला त्यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवूनही सांगावे लागते, की तयार कापडावर मिठाने रंग पक्का होत नाही. मिठाचा संबंध येतो तो रंगवण्याच्या वेळी. काही रंगांच्या हौदात मीठ घातले की रंग पाण्यातून धाग्याकडे अधिक ओढला जातो. त्यानंतर बंध होतो तो मात्र सोड्यासारख्या अल्कामुळे. आपल्या बादलीत मीठ घातल्याने सुटा रंग काही वेळ पाण्यात कमी उतरतो, म्हणून पाणी स्वच्छ दिसते आणि उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. तो सुटा रंग कापडावरच असतो आणि पुढच्या साध्या पाण्यात निघतो.

व्हिनेगर हे आम्ल आहे, आणि आम्लाच्या मदतीने चढणारे रंग लोकर आणि रेशीम यांचे आहेत, सुताचे नाहीत. तरीही शेवटच्या खळबळण्यात चमचाभर व्हिनेगर घालणे निरर्थक नाही. बोअरवेलच्या कठीण पाण्यात वडीचा साबण वापरला की त्याचा पांढरट साका धाग्यावर बसतो आणि रंग मळकट दिसू लागतात. व्हिनेगर तो साका सैल करते, म्हणून कापड उजळते. म्हणजे फायदा खरा आहे, पण त्याचे श्रेय चुकीच्या कारणाला दिले जाते.

तुरटी नैसर्गिक रंगांसाठी उपयोगाची आहे. मंजिष्ठेसारखा रंग सुतावर धरावा म्हणून रंगवण्याआधी तुरटीची प्रक्रिया करतात. वॅक्स प्रिंटवर तिचे काही काम नाही, उलट नीट न धुतलेल्या तुरटीचे आम्ल सुती धाग्याला काळाच्या ओघात कमकुवत करते.

रंग धरून ठेवणारी काही रासायनिक द्रव्ये बाजारात मिळतात आणि विशिष्ट रंगांच्या सुट्या कणांना ती खरोखर रोखतात. तथापि, घासण्याने निघणाऱ्या निळीवर त्यांचा विशेष परिणाम होत नाही. सुटा रंग तीन-चार धुण्यांत धुवून काढणे आणि तोवर ते कापड पांढऱ्या कपड्यांपासून दूर ठेवणे, हा उपाय मला त्यांपेक्षा अधिक भरवशाचा वाटतो.

साबणाची पूड, यंत्र आणि दगड

घाना सरकारने २००४ मध्ये शुक्रवारी कार्यालयात देशी कापडाचे कपडे घालण्याची मोहीम सुरू केली. तेव्हापासून जे कापड एरवी समारंभांपुरते निघत असे, त्याचे शर्ट आणि झगे आठवड्याच्या धुण्यात येऊ लागले. त्यामुळे नेहमीच्या धुण्याचा प्रश्न पहिल्या धुण्याइतकाच महत्त्वाचा झाला आहे.

पांढऱ्या कपड्यांसाठीच्या साबण पुडीत बहुधा दोन गोष्टी असतात. एक म्हणजे विरंजक, जो डाग उडवतो आणि रंगही फिका करतो. दुसरी म्हणजे कपडा अधिक शुभ्र दिसावा म्हणून घातलेले चकाकी देणारे द्रव्य, जे धाग्यावर बसून उजेडात निळसर झाक देते. पांढऱ्या सदऱ्यावर ती शोभते, गडद लालावर आणि तपकिरीवर मात्र धुरकट पडदा धरल्यासारखी दिसते. रंगीत कपड्यांसाठीच्या द्रव साबणात हे दोन्ही सहसा नसतात, म्हणून तो घ्यावा. क्लोरीनचे ब्लीच तर वॅक्स प्रिंटला कधीही लावू नये. ते निळीचा रेणूच मोडते, आणि तो डाग उजळलेला नसून भाजलेला असतो, म्हणजे परत रंगवल्याशिवाय जात नाही. पांढऱ्या कपड्यांची नीळही येथे देऊ नये.

यंत्रात धुवावे का, या प्रश्नाचे माझे उत्तर ‘पहिल्या तीन धुण्यांनंतर, होय’ असे आहे. कपडा उलटा करावा, जाळीच्या पिशवीत घालावा, पाणी ३० अंशांच्या वर नेऊ नये, पिंप अर्धेच भरावे आणि पिळण्याची गती कमी ठेवावी. यंत्राला घाबरणारी अनेक माणसे तेच कापड दगडावर आपटतात किंवा प्लास्टिकच्या ब्रशने घासतात, आणि ते यंत्राच्या सौम्य फेरीपेक्षा कितीतरी वाईट आहे. ओले घासणे ही निळीची सर्वांत दुबळी बाजू आहे, हे येथे आठवावे. कॉलर आणि बाह्यांच्या कडा मळल्या असतील, तर त्या जागी द्रव साबण लावून दहा मिनिटे थांबावे आणि बोटांनी दाबून काढावे. डोक्याला बांधायच्या दुकूला, म्हणजे घानातल्या स्त्रियांच्या रुमालवजा कापडाला, केसांचे तेल आणि शीया बियांचे लोणी लागते. त्यालाही हीच रीत, कारण तेलकट डाग भिजण्याआधी साबण लावला तर तो सहज निघतो.

घामाचे कपडे मात्र तसेच टोपलीत टाकून ठेवू नयेत. घाम आणि दुर्गंधीनाशकातले क्षार काखेजवळचा रंग बदलतात, म्हणून साबण लावायला वेळ नसेल तर निदान तेवढा भाग साध्या पाण्याने धुवून कपडा वाळत घालावा.

आणि चुकून पांढऱ्या कपड्याला रंग लागलाच, तर तो वाळू देऊ नये आणि इस्त्री तर अजिबात करू नये. ओला असतानाच भरपूर पाण्यात पुन्हा धुतला, तर बहुतेक रंग निघतो.

ड्राय क्लीनिंग सुरक्षित नाही का?

ज्या कपड्यात आत सांगाडा, कडक अस्तर, खडे किंवा मणी आहेत, त्याच्यासाठी ड्राय क्लीनिंग योग्य आहे, कारण तिथे प्रश्न रंगाचा नसून आटण्याचा आणि बांधणीचा असतो. साध्या सुती झग्याला त्याची गरज नाही. उलट सोनेरी किंवा चिकटवलेली नक्षी असेल, तर त्या द्रावकाने बांधणीचे द्रव्य सैल होऊ शकते, म्हणून दुकानात देताना ती नक्षी दाखवून बोलावे.

पाण्यापेक्षा ऊन

रंग फिका पडला की दोष साबणावर जातो, पण मी पाहिलेल्या फिक्या वॅक्स कपड्यांपैकी अनेकांची उलटी बाजू ताजी होती. साबणाने रंग गेला असता, तर तो दोन्ही बाजूंनी सारखाच गेला असता. फक्त दर्शनी बाजू फिकी पडते, ती उन्हाने. सूर्यप्रकाश रंगाच्या रेणूचे तुकडे करतो, आणि सुती कापड ओले असताना ही क्रिया अधिक वेगाने होते, म्हणजे दोरीवरचे पहिले दोन तासच सर्वांत महागाचे असतात. कपडा उलटा करून सावलीत, वारा खेळेल अशा जागी वाळवावा आणि सुकताच काढावा. अक्रा किंवा नायजेरियातील लागोसच्या दमट पावसाळ्यात सावलीत कापड लवकर सुकत नाही आणि बुरशीचा वास धरते. तिथे पंख्याखाली वाळवणे चांगले. साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात सहाराकडून हरमट्टनचा कोरडा, धुळीचा वारा येतो, तेव्हा कपडे झटपट वाळतात, पण त्यांवर बारीक धूळ बसते. ती धूळ ओली करण्याआधी झटकावी, नाहीतर ती धाग्यात घासली जाते.

इस्त्री कापड ओलसर असताना उलट्या बाजूने करावी. सुती वॅक्सला गरम इस्त्री चालते, सोनेरी नक्षीवर मात्र मध्ये पातळ कापड घालून कोमटच फिरवावी.

पेटीतली घडी

पश्चिम आफ्रिकेत वॅक्सचे कापड ही बाईची साठवण असते. लग्नात मिळालेली, सणाला घेतलेली, नवऱ्याने किंवा मुलाने आणलेली ठाणे पेटीत कोरी ठेवली जातात, गरज पडली तर विकली जातात आणि आईकडून मुलीकडे जातात. नक्षींना नावे असतात आणि ती नावे बोलतात. घानातील अकान भाषेतल्या एका नक्षीचे नाव ‘चांगले मणी वाजत नाहीत’ अशा अर्थाचे आहे, दुसरीचे ‘पैशाला पंख असतात’ असे. ही ठाणे कोरी ठेवण्याचे कारण असे, की चिकटवलेले लेबल आणि मूळची तकाकी हीच त्यांच्या नवेपणाची साक्ष असते. त्यामुळे ‘आधी धुवा’ हा सल्ला या साठवणीला लागू करू नये.

शिवलेल्या आणि वापरलेल्या कपड्यांचे मात्र वेगळे आहे. ते बराच काळ ठेवायचे असतील, तर खळ धुवून काढूनच ठेवावेत, कारण कसर आणि झुरळे खळीवर येतात आणि खळीबरोबर धागाही कुरतडतात. प्लास्टिकच्या पिशवीत दमटपणा कोंडतो, म्हणून जुन्या धुतलेल्या सुती चादरीत गुंडाळावे. पैठणीची घडी दर काही महिन्यांनी बदलण्याची जी शिस्त आपल्या घरांत आहे, तीच येथे पाळावी. एकाच रेषेवर वर्षानुवर्षे दुमडलेले कापड त्या रेषेवर आधी फिके पडते आणि मग फाटते. डांबरगोळ्या ठेवायच्या असतील, तर कापडाला थेट टेकू देऊ नयेत.

अशा रीतीने सांभाळलेले वॅक्स वर्षांनुवर्षे चालते, आणि प्रत्येक धुण्यात ते थोडे अधिक मऊ होत जाते. घानात आया बाळाला पाठीवर कापडाने बांधून कामाला लागतात, आणि त्यासाठी नव्या कडक कापडापेक्षा असे धुवून-धुवून मऊ झालेले जुने कापडच पसंत केले जाते. आजीच्या नऊवारीच्या गोधडीत वाढलेल्या मराठी वाचकाला त्या पसंतीचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही.